जुन्या इंजिनाचं टेबल, ड्रमचं स्टँड, हबचं स्टूल: कामाचा क्रम चुकू देऊ नका

जुन्या इंजिनाच्या ब्लॉकचं (सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्याचं) टेबल दिवाळीत झकास दिसतं. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला की बोल्टच्या भोकांभोवती रंगाला फुगे येतात, खालच्या फरशीवर काळा डाग पडतो, आणि पोपडा नखाने ओढला तर खाली तेल दिसतं. मग लोक रंगाच्या दुकानदाराला बोल लावतात, महाग डबा आणतात, पुन्हा रंगवतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

रंग बहुतेक वेळा ठीक असतो, कामाचा क्रम उलटा झालेला असतो. वरवर धुऊन रंग दिला, मग भोक पाडायचं आठवलं, मग वेल्डिंग, मग काच डगमगते म्हणून पुन्हा ग्राइंडर. गाड्यांच्या आणि इंजिनांच्या जुन्या भागांपासून टेबल, स्टँड, स्टूल करायचा खरा क्रम असा आहे: मापं, निवड, रिकामं करणं, खोलणं, तेल काढणं, गंज काढणं, भोकं आणि वेल्डिंग, कोरडी जुळणी, पुन्हा सुटं करणं, रंग, शेवटची जुळणी. यातली एकही पायरी मागेपुढे करू नका. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गॅरेजवाल्यांना आणि घरच्या शेडमध्ये हौसेने काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. त्यामुळे आपल्याकडचं ऊन, धूळ आणि बोअरचं जड पाणी यांचाही हिशेब यात आहे.

१. आधी मापं, मग भंगाराचं दुकान

भंगारात एखादा देखणा भाग दिसला, उचलून आणला आणि आता याचं काय करू म्हणत बसलात, तर तो भाग वर्षभर कोपऱ्यात गंजतो. आधी वस्तू ठरवा, तिची उंची ठरवा, मगच दुकानाची पायरी चढा.

बसायच्या खुर्च्यांमधलं चहाचं टेबल १६ ते १८ इंच, बसायचं स्टूल १८ इंच, उभ्याने काम करायचं बेंच ३४ ते ३६ इंच उंच असावं. व्हाइसचं (काम घट्ट धरायच्या शिकंज्याचं) माप वेगळं आहे. तिच्या जबड्याची वरची कड कानस चालवणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला यायला हवी. खाली असली तर दिवसभर वाकून कंबर धरते, वर असली तर कानशीला जोर लागत नाही. तेव्हा व्हाइसचं स्टँड ज्याच्यासाठी करायचं त्याला उभं करून माप घ्या.

जमीनही बघा. शहाबादी फरशीखाली पोकळी असली आणि तिच्यावर चार टोकांवर उभा जड ब्लॉक ठेवला, तर फरशी तडकते. कोबा असला तर चिंता कमी. फरशी असेल तर प्रत्येक पायाखाली किमान ४ इंची चौकोनी लोखंडी पट्टी आणि तिच्याखाली रबर द्या.

२. काय घ्यायचं, काय दुकानातच सोडायचं

चालू होण्यासारखं इंजिन टेबलासाठी फोडू नका, हे माझं ठाम मत आहे. ज्या ब्लॉकला तडा गेलाय, ज्याचं बोअर (पिस्टन सरकतो ते भोक) पुढच्या साइजलाही बसत नाही, तोच आपला माल. मिस्त्रीला तो नको असतो, म्हणून तो बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वजनाच्या भावाने मिळतो. तालुक्याच्या गावातली ट्रॅक्टर गॅरेजेस, हायवेलगतचे ट्रक दुरुस्तीवाले आणि विजेची मोटर आल्यापासून विहिरीवर पडून असलेली जुनी ऑइल इंजिनं हे आपल्याकडचे चांगले साठे आहेत. ऑइल इंजिनाच्या फ्लायव्हीलइतका भक्कम टेबलाचा पाया दुसरा मिळणं कठीण.

जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चुंबक चिकटलं नाही तर तो भाग ॲल्युमिनियमचा. चिकटलं तर बीड किंवा पोलाद. या दोघांतला फरक ग्राइंडरच्या ठिणगीत कळतो. पोलादाची ठिणगी लांब आणि उजळ असते, बीडाची आखूड आणि लालसर. कोणता भाग कशाचा आहे हे खडूने त्याच्यावरच लिहून ठेवा, कारण पुढे धुण्याचं, वेल्डिंगचं आणि रंगाचं प्रत्येक उत्तर यावर ठरतं.

आता सोडून द्यायच्या गोष्टी. पेट्रोल किंवा डिझेलच्या टाकीचं काही करू नका. ती कितीही धुतली तरी आत वाफ राहते, आणि ग्राइंडर किंवा वेल्डिंगची एक ठिणगी स्फोटाला पुरते. शॉक ॲबसॉर्बरमध्ये तेल असतं, बऱ्याचदा दाबाखालचा वायूही असतो. तो कापायचा नाही, तापवायचा नाही. स्प्रिंगसकट शॉक ॲबसॉर्बर असेल तर वरचा नट खोलू नका, दाबलेली स्प्रिंग गोळीसारखी सुटते. एअरबॅगला हात लावू नका. दिव्यासाठी किंवा खुंटीसाठी व्हॉल्व्ह वापरा, पण कापू नका. काही इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी आतून पोकळ असते, तिच्यात सोडियम भरलेलं असतं, आणि सोडियम पाण्याला लागलं की पेट घेतं. जुन्या ब्रेक शू आणि क्लच प्लेटच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेकचा ड्रम घरी आणल्यावर ती धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. पाण्याने भिजवून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

*कागदाची तपासणी:* ब्लॉकवर इंजिन नंबर कोरलेला असतो. विकणाऱ्याकडून नंबर लिहिलेली पावती घ्या, आणि तो नंबर घासून काढू नका. सजावटीला आडवा येतो म्हणून घासलेला नंबर पोलिसांना चोरीचा माल वाटतो, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नसते. आपलीच जुनी गाडी फोडणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. चॅसिस नंबरचा तुकडा तोवर कापून इकडेतिकडे जाऊ देऊ नका.

भुसावळ परिसरातल्या वाचकांना आणखी एक सांगायला हवं. रुळाचा तुकडा ऐरणीसाठी फार सोयीचा असतो, म्हणून अनेक जण तो बिनधास्त घेतात. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे. कागद नसेल तर हात लावू नका. ट्रकचा जाड ॲक्सल उभा रोवला तरी ऐरणीचं बरंच काम भागतं.

३. रिकामं करणं

इंजिन आणल्या दिवशीच ऑइल, कूलंट, डिझेल सगळं काढून टाका. खाली पसरट घमेलं ठेवा, त्याच्याखाली भुसा किंवा माती पसरा. कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोडसर असतं आणि विषारीही. कुत्रं, वासरू सहज तोंड घालतं. काळं ऑइल नाल्यात, बांधावर, विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा आणि जुनं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याला द्या, नाहीतर ओळखीच्या सर्व्हिस सेंटरला त्यांच्या साठ्यात घ्यायला सांगा. गाडीचा एसी असेल तर त्याचा गॅस एसीवाल्याकडून मशीनने काढून घ्या, पाइप कापून हवेत सोडू नका.

ड्रेन बोल्टमधून तेल आलं म्हणजे इंजिन रिकामं झालं, असं समजू नका. ऑइल पंप, फिल्टरची बैठक, हेडमधले (ब्लॉकच्या वरच्या झाकणातले) खड्डे यांत तेल उरतंच. ब्लॉक एका रात्रीसाठी एका कुशीवर, दुसऱ्या रात्री दुसऱ्या कुशीवर ठेवा.

४. उचलणं आणि खोलणं

ट्रॅक्टरचा ब्लॉक दोघांनी मिळून उचलायची वस्तू नाही. चेन पुली वापरा, आणि ती ज्या तुळईला टांगणार ती तुळई आधी तपासा. शेडच्या पत्र्याखालचा हलका पाइप हा भार पेलत नाही. साखळी ब्लॉकच्या मूळ उचलायच्या कानांत अडकवा. लटकलेल्या ब्लॉकखाली हात घालू नका, खाली लाकडी ठोकळे रचत जा.

गंजलेला बोल्ट पान्याने एकदम ओढला की तुटतो, आणि भोकात अडकलेला तुकडा काढायला अख्खा दिवस जातो. आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल सोडा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने ठक ठक मारा, मग आधी थोडा घट्ट करून मग सैल करा. फ्लायव्हील काढताना बीडाच्या कडेवर घण मारू नका. बीड वाकत नाही, फुटतं. पुलर लावा, किंवा मागून लाकडाचा ठोकळा देऊन थोडं थोडं सरकवा.

सगळे बोल्ट पिशव्यांत वेगवेगळे भरून नावं लिहा. हेडचे मूळ बोल्ट तर जपाच. ब्लॉकच्या आट्यांना बरोबर बसणारा बोल्ट बाजारात शोधत फिरण्यापेक्षा मूळ बोल्ट हाताशी असणं सोपं. बाजारचा एम१० (१० मिमी जाडीचा) बोल्ट हाताने चार-पाच आटे सहज गेला तरच पाना लावा. जाडी सारखी असूनही आट्यांचं अंतर वेगळं असतं, आणि पाना लावून जबरदस्ती केली की ब्लॉकचे आटे जातात.

५. तेल काढणं: इथेच घाई होते

सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा, आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. ब्लॉकच्या आत तेलाच्या बारीक वाटा असतात. त्यांची तोंडं आट्यांच्या प्लगने बंद केलेली असतात. बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात, त्यांच्यामागे पाण्याची जागा असते. हे सगळं उघडल्याशिवाय बाहेरून कितीही धुतलं तरी उपयोग नाही.

पहिल्यांदा प्लग काढा. मग टोप्या काढा. टोपीच्या एका कडेला जुन्या स्क्रूड्रायव्हरने ठोकलं की ती आडवी फिरते, मग पकडीने ओढून घ्या. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या ऑइल इंजिनात आत पांढरट क्षाराचा आणि गंजाच्या चिखलाचा थर असतो. तो वाकवलेल्या तारेने खरवडा आणि पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. तो आत राहिला तर ओल धरून ठेवतो आणि पावसाळ्यात लाल पाणी गाळतो.

दुसऱ्यांदा डिझेल आणि ब्रश. तेलाच्या वाटांत लांब दांड्याचा बाटली धुवायचा ब्रश फिरवा. पेट्रोल वापरू नका, अगदी थोडंही नको. त्याची वाफ जमिनीलगत लांबवर पसरते, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरच्या स्विचची ठिणगी तिला पुरते.

तिसऱ्यांदा धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी. लोखंडी पिंपात पाणी कडक तापवा, दर लिटरला मूठभर सोडा टाका, आणि बीडाचे, पोलादाचे भाग त्यात तासभर ठेवा. कॉस्टिक सोडा यापेक्षा जोरदार असतो, पण डोळ्यांना आणि कातडीला फार धोक्याचा. घरच्या शेडमध्ये मी तो सुचवणार नाही.

सावधान: ॲल्युमिनियमचा भाग कॉस्टिकच्या पाण्यात कधीही टाकू नका. तो विरघळायला लागतो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. धुण्याच्या सोड्यानेही ॲल्युमिनियम काळं पडतं. त्याला डिझेल, मग भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी, एवढंच पुरे.

चौथ्यांदा ऊन. बीड सच्छिद्र असतं, त्याने वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं असतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या उन्हात पत्र्यावर ठेवलेला काळा ब्लॉक हात लावू देत नाही. हेच आपल्याला हवंय. तापलेलं बीड तेल बाहेर टाकतं. दुपारी आलेला तेलाचा घाम चिंधीने पुसा, संध्याकाळी पुन्हा पुसा. घाम येणं थांबेपर्यंत रोज हे चालू द्या. घाई असलेल्यांना हे नको वाटतं, पण नंतर रंगाला फुगे येतात ते याच तेलाचे. हिवाळ्यात काम असेल तर गरम सोड्याचं पाणी दोनदा करा.

*तपासणी:* धुतलेल्या जागेवर साधं पाणी शिंपडा. पाणी सलग पातळ थरासारखं पसरून राहिलं तर धातू स्वच्छ आहे. थेंब थेंब गोळे झाले तर तेल अजून आहे. दुसरी खात्री म्हणजे ब्लॉक कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. कागदावर डाग दिसला तर परत मागे जा. कोरडं झाल्यावर तेलाच्या वाटांचे प्लग सीलंट लावून घट्ट बसवा.

६. गंज काढणं

तेल असताना वायर ब्रश फिरवला की तेल आणि गंजाचा लेप होतो आणि तो धातूत रगडला जातो. म्हणूनच ही पायरी नंतर.

मोठ्या सपाट भागाला ग्राइंडरचा कप ब्रश पुरतो. गार्ड काढायचं नाही, डोळ्यांना पूर्ण बंद गॉगल हवा. त्या ब्रशच्या तारा तुटून सुईसारख्या उडतात. गिअरचे दात, साखळी, स्प्रॉकेट, खडबडीत बीड यांना ब्रश पोहोचत नाही, तिथे विजेची पद्धत उत्तम. प्लास्टिकच्या टबात पाणी घ्या, दर पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका. साध्या लोखंडाच्या पत्र्याचा तुकडा एका बाजूला आणि गंजका भाग दुसऱ्या बाजूला, एकमेकांना न लागता बुडवा. १२ व्होल्टच्या जुन्या बॅटरी चार्जरची धन तार पत्र्याला, ऋण तार भागाला. रात्रीतून गंज सुटतो, भाग खायला जात नाही. तारा उलट्या लावल्या तर मात्र तुमचा भागच खाल्ला जातो.

सावधान: पत्र्याच्या जागी स्टेनलेस स्टील वापरू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग तयार होतं. ॲल्युमिनियमचा भाग यात बुडवू नका. टब उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो. हात घालण्याआधी चार्जर बंद.

गंज काढलेलं लोखंड उघडं असतं. पावसाळ्यात ते दोन-तीन तासांत पिवळं पडतं. गरम पाण्याने खळबळा, लगेच उन्हात किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवा, आणि भोकं पाडायला वेळ लागणार असेल तर कोरड्या पोत्यात गुंडाळून आत ठेवा. गंजू नये म्हणून तेल चोळलंत तर पाचवी पायरी पुन्हा करावी लागेल.

७. धार, भोकं, वेल्डिंग

ब्लॉक आणि ड्रमच्या कडा बोट कापण्याइतक्या तीक्ष्ण असतात. ज्या कडेला गुडघा, नडगी किंवा पोराचं डोकं लागू शकतं, ती प्रत्येक कड कानशीने मारा. हे रंगाआधी करायचं.

नवीन भोक पाडण्याआधी जुनं भोक शोधा. हेडचे, ऑइल चेंबरचे, माउंटिंगचे मिळून ब्लॉकला भरपूर आटे असतात, बहुतेक काम त्यांतच भागतं. पाडायचंच असेल तर सेंटर पंच मारा. एम८ च्या आट्यांसाठी ६.८ मिमीचं ड्रिल, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२. बीडात ड्रिल कोरडंच चालवा, तेल नको, भुकटी झटकत राहा. ॲल्युमिनियमला मात्र थोडं डिझेल द्या, नाहीतर ते ड्रिलला चिकटतं.

बीडावर नेहमीच्या रॉडने वेल्डिंग करू नका. टाका दिसतो छान, पण गार होताना बाजूला केसासारखी चीर जाते आणि महिन्याभरात तुकडा हातात येतो. निकेलचे रॉड, आधी तापवणं, छोटे टाके, हलकी ठोकाई, हळू गार करणं हे सगळं जमणारा वेल्डर असेल तर गोष्ट वेगळी. आपल्यासाठी सरळ उपाय बोल्टचा आहे. ड्रम घ्यायचा, त्याच्या चाकाच्या बोल्टची भोकं १० मिमी जाड प्लेटवर छापून पाडायची, पाइप त्या प्लेटला वेल्ड करायचा आणि प्लेट ड्रमला बोल्टने आवळायची. वेल्डिंग पोलादाला, बोल्ट बीडाला.

गाडीच्या कमानीच्या (लीफ स्प्रिंगच्या) पाट्यांचंही असंच. ते पोलाद कडक केलेलं असतं. साधं ड्रिल त्यावर घासून बोथट होतं, आणि वेल्डिंग केल्यावर टाक्याशेजारी ते ठिसूळ होतं. पाट्याचं मधलं मूळ भोक वापरा किंवा यू-बोल्टने धरा.

सावधान: ब्रेक क्लीनर मारलेला भाग ओला असताना वेल्डिंग करू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात, आर्कच्या उष्णतेत त्यांचा विषारी वायू होतो. जस्ताचा मुलामा असलेला नट, पाइप किंवा पत्रा वेल्ड करायचा असेल तर टाक्याच्या जागचा मुलामा आधी घासून काढा.

८. कोरडी जुळणी: रंगाआधी वस्तू पूर्ण उभी करा

वस्तू रंगाशिवाय पूर्ण जोडा, तिच्यावर भार द्या, हलवून बघा, मग पुन्हा सुटी करा. लोक ही पायरी वगळतात आणि चकचकीत रंगावर ग्राइंडर चालवतात.

*ब्लॉकचं टेबल.* ब्लॉक हेडची बाजू वर करून ठेवा. चार कोपऱ्यांच्या हेड-बोल्टच्या भोकांत चार लांब स्टड, प्रत्येकावर दोन नट आणि वर रबराची गोल टोपी. काच या टोप्यांवर बसेल. पाणसळ लावून नट वरखाली करत चारही टोप्या एका पातळीत आणा, मग खालचा नट वरच्यावर आवळा. वरच्या बाजूला पिस्टन दिसावेत असं वाटत असेल तर ते शोभेपुरते बोअरमध्ये अडकवा, काचेचा भार त्यांच्यावर टाकू नका. पिस्टन हळूहळू खाली सरकतो आणि काच एका कोपऱ्यावर येते.

खाली चाकं लावायची असतील तर एकूण वजनाला चारने नव्हे, तीनने भागा. उंचसखल जमिनीवर एक चाक नेहमी अधांतरी असतं. ब्लॉक आणि काच मिळून ९० किलो असेल तर प्रत्येक चाक किमान ३० किलोचं हवं, मी ५० किलोचं घेईन. दोन चाकांना ब्रेक हवाच.

*व्हाइसचं स्टँड.* वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त उपयोगाची वस्तू हीच. पाया ट्रकच्या ड्रमचा, वर सांगितल्याप्रमाणे प्लेट आणि ४ इंची जाड पाइप, माथ्यावर १२ मिमीची प्लेट आणि तिला चार बोल्टने व्हाइस. पाइप आणि माथ्याची प्लेट यांच्यात चार त्रिकोणी आधार वेल्ड करा, नाहीतर लांब पान्याच्या ओढीने प्लेट झुलायला लागते. जड काम असेल तर ड्रमच्या पोकळीत काँक्रीट भरा, पण रंग झाल्यावर, आणि बोल्टची डोकी उघडी ठेवून. तपासणी अशी: व्हाइसमध्ये दोन फुटी पाइप आडवा धरा आणि टोकाला जोर द्या. पाया उचलला तर पाया रुंद करा किंवा जमिनीत अँकर बोल्ट मारा.

*फिरतं स्टूल.* छोट्या कारच्या मागच्या चाकाचं हब (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग) आणि स्टब (हब ज्यावर फिरतं ती आखूड दांडी) घ्या. स्टब पाइपवरच्या प्लेटला बोल्टने बसवा, हबच्या चाकाच्या स्टडवर बैठकीची प्लेट आवळा. बेअरिंग डिझेलने धुऊन सुकवा आणि नवं ग्रीस भरा. सुकवताना कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवू नका, ते फुटून उडू शकतं. नट इतकाच आवळा की बैठक डुलणार नाही आणि बोटाने ढकलली तर फिरेल. पाया लोखंडी रिमचा. १८ इंच उंचीला पाया बैठकीपेक्षा लहान नसावा. बेंचसाठी उंच स्टूल करत असाल तर १३ इंची रिम पुरत नाही, खाली १८ इंची गोल प्लेट द्या. बसून एका बाजूला झुकून बघा, आणि वजनदार मित्रालाही बसवा.

ट्रकचा फाळका (हौद्याची खाली पडणारी फळी) भिंतीलगत बसायच्या बाकासाठी चांगला. त्याचे मूळ बिजागर आणि साखळ्या ठेवा, काम नसताना तो वर उचलून भिंतीला लावता येतो. टायरचं आसन करणार असाल तर तळाला पाच-सहा भोकं पाडाच. टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

९. रंग: महिना आणि वेळ दोन्ही बघा

खान्देशात रंगाचे चांगले महिने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या लोखंडावर मारलेला स्प्रे पसरण्याआधीच सुकतो, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो, वर वाऱ्याची धूळ बसते. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे, आत, जमिनीवर पाणी शिंपडून. पावसाळी दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते. हिवाळ्यात सकाळी लोखंडाला दव धरतं, तेव्हा नऊ-दहानंतर, धातू हाताला कोरडा लागल्यावरच सुरुवात करा.

थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा, आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका. बोटांच्या तेलाचे ठसे रंगाखाली राहतात. आट्यांत जुने बोल्ट फिरवून ठेवा, मशीन केलेल्या चकचकीत पृष्ठभागावर टेप लावा. लोखंडाला आणि बीडाला एपॉक्सी प्रायमर. साधा रेड ऑक्साइडही आतल्या वस्तूला चालतो. ॲल्युमिनियमला दोन्हींआधी एच (इचिंग) प्रायमर हवा, नाहीतर रंग सालीसारखा निघतो. पातळ दोन हात द्या, जाड एक नको.

तीन चुका वारंवार दिसतात. इंजिन आहे म्हणून सायलेन्सरचा उष्णतारोधक रंग घेतात. तो भट्टीत किंवा चालू इंजिनाच्या उष्णतेत पक्का होतो, टेबलावर तो कच्चाच राहतो आणि नखाने ओरखडतो. साधा चांगला एनॅमल घ्या. दुसरी चूक, उघड्या लोखंडाचा रंग आवडतो म्हणून त्यावर नुसतं क्लिअर (पारदर्शक लेप) मारतात. पावसाळ्यात त्याखाली गंजाच्या दोऱ्यांसारख्या रेघा धावतात. धातू उघडाच ठेवायचा असेल तर मेण लावा आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा लावा. तिसरी चूक, पावडर कोटिंगला न सांगता भाग देणं. तिथल्या भट्टीत १८० ते २०० अंश तापमान असतं. उरलेलं तेल तिथे उकळून बाहेर येतं, ग्रीस वितळतं, रबर जळतं. बेअरिंग, सील, रबर सगळं काढून द्या, आणि पावडर मारण्याआधी भाग एकदा नुसताच तापवून घ्यायला सांगा.

सावधान: हार्डनर मिसळायच्या गाडीच्या रंगात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. कापडी मास्क किंवा रुमाल त्याला अडवत नाही. कार्ट्रिजचा योग्य मास्क आणि मोकळी हवा नसेल तर हा रंग गाडी रंगवणाऱ्याकडूनच मारून घ्या.

१०. काच, लाकूड, दिवा

काच टफन केलेलीच हवी. टफन केल्यावर ती कापता येत नाही, कोपरा घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणून माप कोरड्या जुळणीनंतरच द्या, कडा पॉलिश आणि कोपरे गोल सांगा. २४ बाय ३० इंची काच १२ मिमी जाडीत साधारण १४ किलोची होते, एकट्याने बसवू नका. काच आणि धातूचा थेट स्पर्श कुठेही नको, मध्ये रबर हवंच.

लाकडी माथा करत असाल तर अळशीच्या तेलाने तो छान होतो. पण तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेटतात, आपल्या उन्हाळ्यात तर हमखास धोका. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कनेक्टिंग रॉडचा, गिअरचा दिवा करताना वायर जाते त्या भोकाला रबराचा ग्रोमेट लावा आणि धातूचा सांगाडा हिरव्या वायरने अर्थिंगला जोडा. प्लग तीन पिनांचाच. वर्कशॉपच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर उत्तम. एलईडी बल्ब वापरा, छोट्या दिव्यासाठी १२ व्होल्टचा अडॅप्टर त्याहून बरा.

११. पहिल्या वर्षाची देखभाल

महिन्याभराने सगळे नट पुन्हा आवळा, कारण रबर दबतं आणि नवीन रंगही वायसरखाली दबतो. टेबलाखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. मे महिन्यात त्यावर तेलाचा ठिपका पडला तर ब्लॉकच्या कोणत्या प्लगमधून आला ते शोधा, तेवढाच प्लग काढून, पुसून, नव्या सीलंटने बसवा. स्टुलाचं बेअरिंग कुरकुरायला लागलं तर नट अर्धा आटा सैल करून बघा, तरी कुरकुरलं तर ग्रीस बदला. रंगाचा टवका उडाला तर पावसाळ्याआधी तिथे पॉलिश पेपर मारून प्रायमरचा ठिपका द्या, त्यासाठी प्रायमरचा उरलेला डबा झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा.